जमा-नावे : न पाहिलेल्या खाणीतला हिस्सा



गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी सामायिक आटोपून वर्तमानपत्र हाती घेतो न घेतो तोच पुण्याच्या रविवार पेठेतील एका जुन्या परिचितांचा दूरध्वनी आला. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांची त्यांची घाऊक पेढी आहे. मी शाखाधिकारी असताना त्यांचे कॅश क्रेडिट खाते माझ्याकडे होते. पुढे मी निवृत्त झालो, खाते दुसऱ्या बँकेत गेले, स्नेह मात्र टिकून राहिला. "साहेब, आज दुपारी जेवायलाच या. घरात एका विषयावर दोन तट पडले आहेत, आणि दोन्ही बाजूंना तुमचे म्हणणे ऐकायचे आहे," असे त्यांनी सांगितले.

विषय असा होता. पेढीचे एक जुने गोदाम विकले गेले आणि देणी व कर भागवून चाळीस लाख रुपये हाती उरले. शेठजींचे धाकटे बंधू चार वर्षांपूर्वी निवर्तले. त्यांच्या पत्नी व दोन मुली एकत्र कुटुंबातच आहेत. या रकमेतला निम्मा हिस्सा त्यांचा. थोरली मुलगी यंदाच वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली आहे. शेठजींच्या मुलाने मात्र असा प्रस्ताव मांडला होता की, ही सर्व रक्कम कॅनडातील एका लहान निकेल-खाण कंपनीच्या शेअरमध्ये घालावी. मुलगा एमबीए झालेला, हुशार, दुकानात सकाळी सर्वांच्या आधी येणारा. त्याचा युक्तिवाद साधा होता. "काका, आपण तीन पिढ्या स्टील विकतो. निकेल वाढले की आपला माल महागतो, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? मग त्या वाढीचा लाभ आपण का घेऊ नये?"

हा युक्तिवाद मला टाकाऊ वाटला नाही. आपल्या समाजातील कितीतरी घरांत आज असेच प्रस्ताव तरुण मंडळी मांडीत आहेत. म्हणून त्या दुपारी जे बोलणे झाले, त्याला थोडी मांडणी देऊन ते येथे सादर करीत आहे. कंपनीचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नसून त्या जातीच्या सर्व कंपन्यांचा आहे.

आपल्या ओळखीचा धातू

भांड्यांच्या बाजारात ज्याला आपण '३०४' म्हणतो, त्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. म्हणजे एक किलोच्या पातेल्यात सुमारे ८० ग्रॅम निकेल. निकेल महाग झाले की कारखाने मँगनीज अधिक व निकेल कमी असलेल्या २०० मालिकेच्या पत्र्याकडे वळतात, हेही व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही. जगात निघणाऱ्या निकेलपैकी सुमारे दोन-तृतीयांश आजही स्टेनलेस स्टीलमध्येच जाते. विजेवर चालणाऱ्या मोटारींच्या बॅटरीचा बोलबाला मोठा असला, तरी तिचा वाटा त्यामानाने लहान आहे. शिवाय लोह-फॉस्फेट जातीच्या स्वस्त बॅटरीत निकेल मुळीच लागत नाही, आणि चीनमधील बहुसंख्य विद्युत मोटारी आता त्याच बॅटरीवर धावतात.

निकेलचे खनिज दोन प्रकारांचे असते. पहिले सल्फाइड, जे कॅनडा, रशिया, ऑस्ट्रेलिया येथे कठीण खडकात सापडते. दुसरे लॅटेराइट, म्हणजे आपल्या कोकणातील जांभ्याच्याच जातीचा, उष्ण व पावसाळी प्रदेशात झिजून तयार झालेला तांबडा थर. इंडोनेशियाचे सारे सामर्थ्य या दुसऱ्या प्रकारात आहे.

आपल्या देशात निकेलची चालू खाण नाही. ओडिशातील सुकिंदा खोऱ्यात क्रोमाइटच्या वरच्या थरात निकेल आहे. परंतु ते किफायतशीरपणे काढण्याचे कोडे सुटलेले नाही. गोव्यातील निकोमेट हा निकेल-कोबाल्टचा कारखाना डिसेंबर २०२१ मध्ये वेदान्त समूहाने घेतला, पण तो शुद्धीकरणाचा कारखाना आहे, खाण नव्हे. त्यामुळे निकेलच्या लहान कंपनीत पैसा घालायचा तर तो परदेशीच पाठवावा लागतो.

'ज्युनियर' म्हणजे नेमके काय?

खाणव्यवसायात 'ज्युनियर' कंपनी म्हणजे लहान खाण असलेली कंपनी, असा समज होतो. तो चुकीचा आहे. बहुतेक ज्युनियर कंपन्यांकडे खाण नसतेच. त्यांच्याकडे असतो एखाद्या भूभागावर शोध घेण्याचा परवाना, दोन-चार भूवैज्ञानिक आणि भागधारकांनी दिलेला पैसा. त्या पैशातून जमिनीत खोल भोके पाडून खडकाचे नमुने काढायचे, ते प्रयोगशाळेत पाठवायचे, निष्कर्ष जाहीर करायचे आणि पुन्हा नवे भागभांडवल उभारायचे, हा त्यांचा व्यवसाय. विक्री शून्य, नफा शून्य. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचे तर नफा-तोटा पत्रकाची जमेची बाजू कोरी आणि नावेची बाजू भरलेली.

येथे मुलाच्या युक्तिवादातील पहिली फट दिसते. निकेल विकत घेणे आणि निकेल शोधणाऱ्या कंपनीचा शेअर घेणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. गोदामात निकेल ठेवले तर भाव पडला तरी माल शिल्लक राहतो. शोध फसला तर कंपनीजवळ काय उरते? परवान्याचा कागद आणि जमिनीतील भोके.

दुसरी फट भागभांडवलाची. समजा, कंपनीचे १० कोटी शेअर आहेत आणि त्यांतले १० लाख, म्हणजे १ टक्का, आपले आहेत. खर्च भागविण्यासाठी कंपनीने दरवर्षी २५ टक्के नवे शेअर काढले, तर तीन वर्षांत एकूण शेअर १९ कोटी ५३ लाख होतात आणि आपला हिस्सा जवळजवळ अर्ध्या टक्क्यावर येतो. या काळात आपण काही विकलेले नाही, कंपनीने काही लबाडी केलेली नाही. एका भाकरीला वाटेकरी वाढले, इतकेच. त्यातही हे नवे शेअर बहुधा बाजारभावापेक्षा कमी दराने दिले जातात आणि सोबत पुढे ठरावीक दराने शेअर घेण्याचा हक्क, म्हणजे वॉरंट, जोडलेला असतो. जुना भागधारक दोन्हीकडून झिजतो.

तिसरी गोष्ट भावाची. एक काल्पनिक हिशेब मांडतो. वर्षाला १०,००० टन निकेल काढणारी खाण, टनामागे खर्च १३,००० डॉलर. भाव २१,००० असेल तर वर्षाची शिल्लक ८ कोटी डॉलर. भाव १५,००० झाला तर शिल्लक २ कोटी डॉलर. भाव तीस टक्क्यांहूनही कमी उतरला, पण शिल्लक पंचाहत्तर टक्क्यांनी घटली. भाव १२,५०० वर आला की शिल्लक संपून तोटा सुरू. आणि आपल्या ज्युनियर कंपनीची खाण तर अजून कागदावर आहे. तेव्हा तिच्या अहवालात 'प्रकल्पाचे आजचे मूल्य इतके कोटी डॉलर' असे लिहिलेले असले, तर ते कोणता भाव धरून काढले आहे, हा पहिला प्रश्न.

तीन कथा

आकडे बाजूला ठेवून मी त्या दिवशी तीन कथा सांगितल्या. तिन्ही घडलेल्या आहेत.

पहिली पोसायडन कंपनीची. १९६९ साली व्हिएतनाम युद्धामुळे निकेलची मागणी वाढलेली होती आणि कॅनडातील सडबरी येथे इन्को कंपनीच्या कामगारांचा संप चालू होता. निकेल मिळेनासे झाले होते. अशा वेळी पश्चिम ऑस्ट्रेलियातील विंडारा येथे पोसायडन या लहान कंपनीला निकेल सापडल्याची बातमी आली. सप्टेंबर १९६९ मध्ये सुमारे ८० सेंट असलेला शेअर फेब्रुवारी १९७० मध्ये २८० डॉलरपर्यंत चढला. पाच-सहा महिन्यांत साडेतीनशे पट! विंडाराच्या आसपास जमीन असलेल्या, किंवा नुसती असल्याचे सांगणाऱ्या कंपन्यांचे शेअरही उसळले. पुढे काय झाले? निकेल तेथे खरोखर होते, पण प्रमाण आधी वाटले त्यापेक्षा कमी निघाले. खाण सुरू व्हायला १९७४ उजाडले; तोवर निकेलची टंचाई सरली होती. १९७६ मध्ये पोसायडनचे नाव शेअरबाजाराच्या यादीतून गेले. खाण दुसऱ्या मोठ्या कंपनीने पुढे अनेक वर्षे चालविली. म्हणजे निकेल निघाले, आणि आरंभीच्या भागधारकाचा पैसा बुडाला, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या ठरल्या.

दुसरी कथा उलट आहे आणि ती सांगितली नाही तर अन्याय होईल. १९९३ साली कॅनडातील लॅब्राडोर येथे डायमंड फील्ड्स या लहान कंपनीसाठी हिरे शोधणाऱ्या दोघा शोधकांना गंजल्यासारखा तांबूस खडक दिसला. हिरे मिळाले नाहीत. मिळाला व्हॉइझीज बे हा निकेलचा अत्यंत समृद्ध साठा. १९९६ मध्ये इन्कोने तो ४३० कोटी कॅनेडियन डॉलर देऊन विकत घेतला. ज्यांनी आरंभी शेअर घेतले होते, ते श्रीमंत झाले. मात्र विकत घेणाऱ्या इन्कोला प्रांतिक सरकार आणि तेथील इन्यू व इन्युइट या मूळ रहिवाशांशी करार करण्यात वर्षे घालवावी लागली आणि उत्पादन २००५ मध्ये सुरू झाले. सापडल्यापासून बारा वर्षे, आणि तीही जगातल्या उत्तम साठ्यांपैकी एकाला! सामान्य साठ्याचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

तिसरी कथा आजची आहे. इंडोनेशियाने १ जानेवारी २०२० पासून कच्च्या निकेल खनिजाच्या निर्यातीवर बंदी घातली आणि शुद्धीकरण आपल्याच भूमीवर करण्याची अट लादली. चिनी भांडवल तेथे धावले, सुलावेसी बेटावर मोरोवालीसारखी औद्योगिक नगरे उभी राहिली आणि जगातील निम्म्याहून अधिक निकेल आता त्या एका देशातून निघते. ८ मार्च २०२२ रोजी लंडन मेटल एक्स्चेंजवर निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला, तो मागणीमुळे नव्हे. त्सिंगशान या चिनी कंपनीने हाती नसलेला माल विकून ठेवला होता आणि भाव चढताच ती पेचात सापडली. एक्स्चेंजने त्या दिवसाचे सौदेच रद्द केले आणि बाजार आठवडाभर बंद ठेवला. जानेवारी २०२३ मध्ये सुमारे ३०,००० डॉलरवर असलेला भाव २०२४ च्या अखेरीस १५,००० च्या आसपास आला.

त्या घसरणीत कोण टिकले नाही, ते पाहा. ऑस्ट्रेलियातील पॅनोरॅमिक रिसोर्सेस डिसेंबर २०२३ मध्ये प्रशासकाच्या हाती गेली. १९६० च्या दशकापासून निकेलसाठी प्रसिद्ध असलेल्या कंबाल्डा परिसरातील खाणी २०२४ मध्ये थांबल्या. आणि बीएचपी, जी जगातील सर्वांत मोठ्या खाणकंपन्यांत गणली जाते, तिनेही जुलै २०२४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातील आपला संपूर्ण निकेल व्यवसाय तात्पुरता थांबविण्याचे जाहीर केले. त्यांच्याजवळ खाणी होत्या, भट्टी होती, शुद्धीकरणाचा कारखाना होता, ग्राहक होते. "ज्यांच्याकडे सर्व काही तयार होते त्यांना जे परवडले नाही, ते ज्यांच्याकडे अजून काहीच नाही त्यांना कसे परवडेल, याचे उत्तर तुझ्या कंपनीच्या अहवालात कोठे आहे ते मला दाखव," असे मी त्या मुलाला विचारले. तो रागावला नाही. त्याने लॅपटॉप उघडला आणि शोधू लागला. हा त्याचा गुण मला आवडला.

अहवाल कसा वाचावा

अशा कंपनीचा रंगीत सादरपट पाहून निर्णय घेऊ नये. कॅनडातील कंपन्यांची अधिकृत कागदपत्रे 'सेडार प्लस' या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. ऑस्ट्रेलियातील कंपन्यांची तेथील शेअरबाजाराच्या संकेतस्थळावर. ती वाचताना पुढील गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

१. साठा कोणत्या वर्गातला? कॅनडात 'एनआय ४३-१०१' आणि ऑस्ट्रेलियात 'जॉर्क' या नियमावलीप्रमाणे साठ्याचे वर्ग ठरतात. इन्फर्ड म्हणजे थोड्या नमुन्यांवरून केलेले अनुमान. इंडिकेटेड म्हणजे अधिक खात्रीचे, मेझर्ड म्हणजे पुरते मोजलेले. यांपैकी पुढल्या दोन वर्गांतूनच, खर्च-उत्पन्नाचा अभ्यास झाल्यावर, 'रिझर्व्ह' ठरतो. इन्फर्ड साठ्याला रिझर्व्ह समजणे म्हणजे येऊ घातलेल्या उधारीला रोकड समजणे होय. कॅनडातील ही नियमावली २००१ मध्ये लागू झाली, ती ब्रे-एक्स या सोन्याच्या ज्युनियर कंपनीने खोट्या नमुन्यांवर जगाला फसविल्याचे १९९७ मध्ये उघड झाल्यानंतर.

२. प्रमाण किती आणि हाती किती येणार? खडकात ०.२५ टक्के निकेल असेल तर एक टन निकेलसाठी ४०० टन खडक फोडावा लागतो. आणि प्रक्रियेत निम्मेच निकेल हाती आले तर ८०० टन. 'कोट्यवधी टनांचा साठा' या शब्दांनी हुरळून जाण्यापूर्वी हा भागाकार करावा.

३. रोकड किती महिने पुरेल? ऑस्ट्रेलियात प्रत्येक तिमाहीला 'अपेंडिक्स ५ बी' नावाचे पत्रक द्यावे लागते. त्यात शिल्लक रोकड किती तिमाह्या पुरेल हे कंपनीलाच लिहावे लागते. कॅनडातील कंपनीचा ताळेबंद व व्यवस्थापनाचा खुलासा पाहून हे गणित आपण करावे. दोन तिमाह्यांची रोकड उरली असेल तर नवे शेअर दारात उभे आहेत, असे समजावे.

४. एकूण शेअर किती, वॉरंट व ऑप्शन धरून किती? पाच वर्षांपूर्वी किती होते?

५. खर्च कशावर होतो? भोके पाडण्यावर अधिक की पगार, प्रवास व प्रचारावर? हे खर्चाच्या तपशिलात छापलेले असते.

६. रस्ता, वीज, पाणी आणि तेथील मूळ रहिवाशांशी करार यांची स्थिती काय? व्हॉइझीज बेची बारा वर्षे आठवावीत.

७. संचालकांनी स्वतःचा पैसा घातला आहे काय? ऑप्शनमध्ये फुकट मिळालेले शेअर वेगळे आणि खिशातून घेतलेले वेगळे.

आमच्या कर्जविभागात एक प्रथा होती. प्रकल्प अहवाल कितीही देखणा असला तरी अधिकारी स्वतः जाऊन जागा पाहून येई. मी स्वतः मात्र ती प्रथा घरच्या पैशाच्या बाबतीत विसरलो. १९९५ साली, नव्या इश्यूंच्या त्या उधाणात, एका कंपनीच्या शेअरसाठी मी भविष्य निर्वाह निधीतून साठ हजार रुपये काढले. माहितीपत्रक सुंदर होते. दोन वर्षांनी त्या कंपनीच्या पत्त्यावर पाठविलेले पत्र 'पत्ता सापडत नाही' अशा शेऱ्यासह परत आले. ते पाकीट मी अजून जपून ठेवले आहे. दुसऱ्याच्या अर्जावर शंभर प्रश्न विचारणारा अधिकारी स्वतःच्या अर्जावर एकही विचारत नाही, हे त्या पाकिटाने मला शिकविले.

पैसा पाठविण्याचे नियम

आपल्या व्यापारी कुटुंबांनी येथे विशेष लक्ष द्यावे. परदेशी शेअरसाठी रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेखाली प्रत्येक निवासी व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम पाठविता येते. पण ही सवलत व्यक्तीला आहे. हिंदू अविभक्त कुटुंब, भागीदारी पेढी वा कंपनी यांना ती नाही. म्हणजे गोदामाचा एकत्रित पैसा पेढीच्या खात्यातून थेट पाठविता येणार नाही. तो आधी कोणाच्या तरी व्यक्तिगत नावावर यावा लागेल. आणि एकदा तो पुतण्याच्या नावावर गेला की काकूंच्या हिश्शाचा पुरावा काय राहतो? हा प्रश्न मी विचारताच खोलीत थोडा वेळ कोणी बोलले नाही.

गुंतवणुकीसाठी पाठविलेल्या रकमेवर वर्षात १० लाखांपुढे २० टक्के टीसीएस कापला जातो. विवरणपत्र भरताना त्याची वजावट मिळते, पण तोवर पैसा अडकतो. असा परदेशी शेअर चोवीस महिन्यांहून अधिक ठेवल्यास दीर्घ मुदतीचा ठरतो व नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो. विवरणपत्रातील परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात नोंद करणे आवश्यक असून ती न केल्यास २०१५ च्या काळ्या पैशाच्या कायद्याखाली जबर दंड होऊ शकतो. आपल्या सनदी लेखापालांशी बोलल्याविना यात पाऊल टाकू नये.

श्रावकाची बाजू

आतापर्यंत गप्प बसलेल्या शेठजींच्या मातोश्री, ज्यांना सारे घर 'बाई' म्हणते, तेव्हा म्हणाल्या, "खाण म्हणजे फोडीकम्मे ना?" त्यांचे शब्द ऐकून मला माझ्या अभ्यासाची लाज वाटली, कारण हा प्रश्न मीच आधी काढायला हवा होता. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत फोडीकम्मे, म्हणजे जमीन खोदून-फोडून चालविलेली उपजीविका, येते. पृथ्वीकायिक जीवांची विराधना हे त्याचे कारण. आपण स्वतः खणत नाही, नुसता शेअर घेतो, असे म्हणता येईल. पण आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित अशा तिन्हींचा विचार सांगितला आहे. आणि खणण्यासाठीच भांडवल देणे यांपैकी कशात बसते, हे प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावे.

मुलगाही गप्प बसला नाही. "बाई, आपण विकतो ते पातेले त्याच निकेलचे आहे." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. संसारी माणसाला संपूर्ण अलिप्त राहता येत नाही, म्हणूनच तर अणुव्रते आहेत. तयार वस्तूचा व्यापार आणि नवी खाण उघडण्यासाठी पैसा पुरविणे यांत अंतर आहे, असे माझे मत. अंतिम निर्णय कुटुंबाने आपल्या गुरुमहाराजांना विचारून घ्यावा. तो माझा अधिकार नव्हे.

माझ्या अधिकारातली एक गोष्ट मात्र मी सांगितली. उपासकदशांगात आनंद श्रावकाची संपत्ती वर्णिली आहे. चार कोटी सुवर्ण निधानात, चार कोटी व्याजव्यापारात आणि चार कोटी घरसंसाराच्या पसाऱ्यात. एवढा धनाढ्य गृहस्थ, पण एक तृतीयांश धन त्याने हात न लावता सुरक्षित ठेवले होते. आणि पुढे भगवान महावीरांसमोर त्याने इच्छेला मर्यादा घातली. बँकेतल्या छत्तीस वर्षांत मी याहून नेमकी वाटणी शिकलो नाही. जोखीम कोणत्या पैशाने घ्यावी, हे आधी ठरते. किती नफा होईल, ते नंतर.

काय ठरले

दुपारी चारपर्यंत बोलणे चालले. धाकट्या वहिनींचा हिस्सा त्यांच्या व मुलींच्या नावे बँकेच्या ठेवीत व सरकारी रोख्यांत ठेवायचे ठरले. शिक्षणाचे हप्ते जसजसे येतील तसतशा ठेवी मुदतीला याव्यात, असे वेळापत्रक मी तेथेच कागदावर करून दिले. उरलेला निम्मा पेढीच्या खेळत्या भांडवलात घालून बँकेचे कर्ज कमी करायचे ठरले. त्या कर्जावर दरवर्षी वाचणारे व्याज हा कोणत्याही खाणीशिवाय मिळणारा निश्चित लाभ आहे. मुलाने वरील सात प्रश्न लिहून कंपनीला पाठविले.

पंधरा दिवसांनी त्याचा दूरध्वनी आला. सातांपैकी तीन प्रश्नांची उत्तरे आली होती. रोकड किती पुरेल आणि मूल्य कोणता भाव धरून काढले, या दोन्हींना मात्र 'आमचे सादरपट पाहावे' एवढेच उत्तर. "पण काका," तो किंचित चाचरत म्हणाला, "या पंधरवड्यात शेअर पस्तीस टक्के चढला."

मी त्याला खोटा धीर दिला नाही. तो आणखीही चढेल, कदाचित दुप्पट होईल. इंडोनेशियाने उत्पादन आवरले, एखाद्या मोठ्या कंपनीने ही कंपनी विकत घेतली, तर आपला अंदाज साफ चुकेल. तशी शक्यता नाकारणे म्हणजे व्हॉइझीज बेची कथा विसरणे. पण त्याच्या चुलत बहिणीची पुढच्या वर्षाची फी त्या शक्यतेवर टांगणे योग्य नव्हते, आणि हे शेअर चढल्यावरही तितकेच खरे आहे. तो थोडा वेळ थांबला. मग म्हणाला, "काकूंच्या ठेवीच्या पावत्या आज हाती आल्या. बाईंनी त्या देवघरात ठेवायला सांगितल्या आहेत."

ज्या वाचकांना अशा गुंतवणुकीची ओढ असेल, त्यांनी आपल्या स्वकष्टाच्या शिलकीतून, जी पूर्ण बुडाली तरी घरात एकाही खर्चाला कात्री लागणार नाही, एवढीच रक्कम आणि तीही वरील प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर विचारात घ्यावी. विधवा, वृद्ध व अल्पवयीन यांच्या वाट्याचा पैसा मात्र यापासून दूर ठेवावा. तो आपला नव्हे, आपल्याकडे सोपविलेला आहे.

पुढील अंकात एकत्र कुटुंबातील ठेवी, नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांविषयी लिहिण्याचा मानस आहे. तत्पूर्वी आपल्या घरातील ठेवींच्या पावत्या एकदा काढून त्यांवर नामनिर्देशन झाले आहे किंवा नाही, एवढे प्रत्येकाने पाहून ठेवावे.

जय जिनेंद्र.